सप्रेम भेट : एक दार

आमच्या गावच्या हायस्कुलातून दहावीची बॅच घड्याळ दिल्याशिवाय बाहेर पडत नाही. बोर्डाच्या परीक्षेआधी सेंडॉफ होतो. पोरं वर्गणी काढतात, जवळा बाजारहून नाहीतर वसमतहून भिंतीवरचं घड्याळ आणतात, पेंटरकडून काचेवर ‘सप्रेम भेट’ आणि बॅचचं वर्ष लिहून घेतात, ते हेडसरांच्या हातात देतात आणि फोटो काढतात. आमच्याकडं शाळेचं वर्ष असं संपतं.

मागच्या पालकसभेला हेडसर अजून यायचे होते म्हणून मी शाळाभर फिरून मोजणी केली. ऑफिस, वर्ग आणि व्हरांडा मिळून एकोणीस घड्याळं. चालू चार. चारही वेगवेगळी वेळ दाखवत होती. त्यातलं एक हेडसरांच्या बाजूचं असावं, कारण त्याच्या हिशोबानं ते वेळेवर आले. आमच्या बॅचचं घड्याळ ग्रंथालयात आहे. ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा काही भरली नाही, त्यामुळं ते इतकी वर्षं पुस्तकांना वेळ सांगत बसलं आहे.

शाळेच्या मागं मुलींची मुतारी आहे. हा शब्द मी इथं लिहितो आहे, शाळेत तो कुणी उच्चारत नाही. हेडसर ‘ती व्यवस्था’ म्हणतात. मॅडम आणि मुली ‘तिकडं’ म्हणतात. सरकारी कागदात तिला ‘युनिट’ म्हणतात. बाहेरच्या भिंतीवर साबणानं हात धुणारी एक हसरी मुलगी रंगवली आहे. आत दोन खोल्या. एकीचं दार वादळात उडून गेलं. दुसरीचं चोरीला गेलं असं काहीजण म्हणतात, ते बसवलंच नव्हतं असं बाकीचे म्हणतात. कागदावर दोन्ही दारं शाबूत आहेत. भिंतीवरची मुलगी बहुधा कागद वाचून हसत असावी.

आमची लेक यंदा दहावीला. ती पाण्याची बाटली भरून शाळेत नेते आणि भरलेलीच परत आणते, हे माझ्या बायकोच्या ध्यानात होतं. ते पाणी ती अंगणातल्या कढीपत्त्याला घालायची. मला वाटायचं, पोरगी अभ्यासात विसरते. कढीपत्ता मात्र जोमात होता.

जानेवारीत सराव परीक्षेच्या गणिताच्या पेपरला लेकीला थंडी वाजून ताप भरला, ओटीपोटात कळा आल्या. अर्धा पेपर टाकून ती घरी आली. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, “पाणी काहून पीत न्हाईस, बाई?” लेकीनं माझ्याकडं बघितलं. मला बाहेर बसवलं, मग ती बोलली. शाळेत कुणीच मुली पाणी पीत नाहीत. अगदीच निकड झाली तर एक आत जाते आणि दुसरी ओढणी धरून दाराचं काम करते. त्यापेक्षा तहान बरी.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून सरळ सांगितलं, “बोर्डाच्या पेपरात असंच केलं तर तिथंही अर्धाच पेपर होईल. पाणी प्यायलंच पाहिजे.” औषध सोपं होतं. त्याच्यासोबत लागणारं दार मात्र मेडिकलवर मिळत नव्हतं. आणि बोर्डाचं केंद्र आमच्याच शाळेत होतं.

पुढच्या आठवड्यात हेडसर दहावीच्या वर्गावर सेंडॉफचं ठरवायला गेले. पोरांनी घड्याळ म्हटलं. एकानं मोठं घड्याळ म्हटलं. लेक उठून उभी राहिली.

“सर, यंदा घड्याळ नको. दार देऊ.”

“कशाचं दार?”

“तिकडचं, सर.”

“तिकडचं म्हणजे कुठलं?”

“तिकडचं.”

पोरं खिदळली. हेडसरांनी फळ्याकडं तोंड केलं आणि डस्टर घेऊन कोरा फळा पुसला. मग म्हणाले, “भेट म्हटल्यावर ती दिसली पाहिजे. त्या व्यवस्थेवर सप्रेम भेट लिहायचं कुठं?”

“बाहेरून लिहू की, सर. आतून कोण वाचणार?”

हे सगळं लेकीनं जेवताना सांगितलं. त्याचा अर्थ हेडसर घरी येणार, हे मी ओळखलं. ते आले.

“भाऊ, तुमी समजदार माणूस,” खुर्चीत टेकता टेकता त्यांनी सुरुवात केली. “लेकराला जरा समजावून सांगा. सेंडॉफला संस्थेचे अध्यक्षसाहेब येऊन राहिले. त्यांच्या हाती काय द्यावं आमी, दार?”

“घड्याळ देऊन काय व्हतंय, सर?”

“आठवण राहते.”

“एकोणीस आठवणी हायेत. त्यातल्या पंधरा बंद पडल्यात. दारं मात्र शून्य.”

“तुमचं हे नेहमीचं, भाऊ. हरेक गोष्टीत आकडा.” त्यांनी रुमालानं मान पुसली. “त्या व्यवस्थेचा प्रस्ताव वर गेलेला हाय.”

“कवा गेला?”

“गेलेला हाय.”

बायको चहा घेऊन आली. कप त्यांच्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली.

“सर, तुमच्या ऑफिसामागं तुमची व्यवस्था हाय ना?”

“हाय की, वहिनी.”

“तिला दार हाय?”

“व्हय, हाय.”

“त्याचा प्रस्ताव कवा गेल्ता वर?”

हेडसरांनी चहावर फुंकर मारली. बराच वेळ मारली. चहा निवला तरी मारत होते. जाताना म्हणाले, “बरं, द्या दार. पण माईकवरून त्याचा उच्चार नको.”

दोन्ही खोल्यांना मिळून बाहेर एकच पत्र्याचं दार बसवायचं ठरलं, आतून कडी. पोरांनीही वर्गणी दिली. गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं ते केलं, निळा रंग दिला. पेंटरनं नेहमीच्या वळणदार अक्षरात ‘सप्रेम भेट’ लिहिलं, खाली बॅचचं वर्ष आणि त्याखाली ‘मुलींकरिता’. मुलींकरिता काय, ते हेडसरांच्या सांगण्यावरून लिहिलं नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दार मुलींना बक्षीस मिळालं आहे.

सेंडॉफला मंडप, पुरीभाजी, गुलाबजाम. अध्यक्षसाहेबांनी पोरांना उद्याचे आधारस्तंभ म्हटलं. दरवर्षी म्हणतात. आम्हालाही आमच्या वेळच्या अध्यक्षांनी म्हटलं होतं, आणि आमच्यातले निम्मे आधारस्तंभ यंदा मंडपाच्या मागं गुलाबजाम वाढत उभे होते. मग हेडसरांनी माईक घेतला.

“दहावीच्या बॅचकडून शाळेला, खास मुलींकरिता, एक अत्यंत उपयुक्त वस्तू सप्रेम भेट!”

टाळ्या पडल्या. अध्यक्षसाहेब उठून उभे राहिले, दोन्ही हात पुढं केले. “आणा की मग इकडं. फोटोवाला थांबलाय.”

हेडसर त्यांच्या कानाला लागले. माईक बंद करायचा राहिला होता.

“साहेब, ती आणता येत न्हाई. तिकडं हाय.”

“तिकडं म्हणजे कुठं?”

“तिकडं, साहेब.”

सगळा मंडप हसला. अध्यक्षसाहेबांना काही कळलं नसावं, पण मोठी माणसं न समजताही चालू लागतात. ते निघाले, मागून पाहुणे, शिक्षक, पालक, फोटोवाला. शाळेला वळसा घालून वरात मुतारीसमोर थांबली. दाराला लाल फीत बांधली होती. शिपाईमामांनी सवयीनं नारळही आणला होता. तो कुठं फोडायचा, असं त्यांनी विचारलं तेव्हा हेडसर ओठ न हलवता म्हणाले, “घरी न्या.”

फीत कापली. आता उद्घाटन म्हटलं की पाहुण्यांनी आत जाऊन पाहणी करायची, अशी पद्धत. अध्यक्षसाहेबांनी एक पाय पुढं टाकला, त्यांच्या नाकाला प्रकरण समजलं, आणि पाय जागच्या जागी परत आला. पण माणूस तयारीचा. दारावर हात ठेवून म्हणाले, “उत्तम, उत्तम! शिक्षणाचं दार असंच उघडं राहो.”

या दाराचा सगळा उपयोग ते बंद राहण्यात होता, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. फोटो निघाला. पेपरातही आला, त्यात दार कमी आणि अध्यक्षसाहेब जास्त दिसतात.

मला वाटलं, मिटलं.

पहिला पेपर मराठीचा. बायकोनं सकाळी समोर उभं राहून लेकीला दोन पेले पाणी पाजलं. पेपर सुटल्यावर ती घरी आली आणि सायकल न लावता तशीच टाकून आत पळाली. बाहेर आली ती तोंड पांढरं करून.

“पप्पा, त्यांनी दाराला कुलूप घातलंय.”

“काहून?”

“कॉपीमुक्त अभियान म्हणे. आत चिठ्ठ्या लपवतात. आणि वस्तू नवी हाय, खराब व्हईल.”

“अन् मुलांची?”

“मुलांच्यात दारच न्हाई, तर कुलूप कुठं घालतील?”

म्हणजे आधी दार नव्हतं तेव्हा ओढणी धरून का होईना, जाता येत होतं. पोरींनी शाळेला दार दिलं आणि शाळेनं तेवढीही सोय काढून घेतली. शेवटची बारा मिनिटं लेकीनं निबंधाचा शेवट न लिहिताच काढली होती, पाय आवळून. बायको शाळेत जायला निघाली. लेक म्हणाली, “मम्मी, तू नको. तू आलीस तर सर परत चहावर फुंकरच मारत बसतील.”

इंग्रजीच्या पेपरला मी तिला सोडायला गेलो. पालकांना फाटकाच्या आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही चारपाच बाप कडुनिंबाखाली उभे. आत भरारी पथकाची जीप लागलेली. व्हरांड्यात पथकाच्या एक बाई आणि हेडसर उभे होते. हेडसरांचे हात जोडल्यासारखेच होते. आमची लेक सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली, मागं आसपासच्या खेड्यांतून आलेल्या दहाबारा पोरी.

“सर, चावी पाहिजे.”

“कशाची चावी?”

आता लेकीनं ‘तिकडची’ म्हणायचं, मग पोरी लाजणार, सर त्यांना वर्गात पिटाळणार, असा हा ठरलेला खेळ होता.

“मुतारीची,” लेक म्हणाली.

फाटकापर्यंत ऐकू आलं. शिपाईमामांचा घंटेवरचा हात तसाच राहिला. माझ्या शेजारच्या बापानं खाली बघून चप्पल नीट केली.

“मुतारीची चावी द्या, सर. पेपर तीन तासांचा हाय, आमाला मुतायला जायचंय.”

मागून एक पोरगी ओरडली, “अन् सकाळी पाणी पिऊन आलोत!”

पथकाच्या बाईंनी हेडसरांकडं पाहिलं. “कुलूप कुणी घातलं?”

“मॅडम, ती... ती व्यवस्था नवी हाय. भेटवस्तू हाय.”

“मग ज्यांची भेट त्यांना वापरू द्या. आधी आत चिठ्ठ्या आहेत का, ते मी बघते. चावी काढा.”

चावी हेडसरांच्या शर्टाच्या खिशात, पेनाशेजारीच होती. बाई आत जाऊन आल्या. मग पोरी एकेक करून गेल्या आणि दार प्रत्येक वेळी आतून बंद झालं. मुतारी शाळेमागं, तरी त्या पत्र्याच्या दाराची कडी मला फाटकाशी ऐकू येत होती. घंटा त्यानंतर वाजली.

चावी पोरींकडंच राहिली. रोज पेपरच्या आधी कुणीतरी कुलूप काढायची आणि शेवटी लावायची. हेडसर बघायचे आणि दुसरीकडं बघायचे. लेकीचे बाकीचे पेपर पूर्ण झाले. निबंधाचे मार्क गेले ते गेले, ते काही कुठल्या प्रस्तावानं परत येणार नाहीत.

शेवटच्या पेपरच्या दिवशी पोरांनी एकमेकांच्या शर्टावर रंग उडवले. लेकीनं फाटकाशी नववीच्या एका पोरीला गाठलं आणि चावी तिच्या हातात ठेवली. पोरगी घाबरून म्हणाली, “ताई, हेडसरनी मागितली तर?”

“मागू दे. फक्त कशाची चावी पाहिजे, ते त्यांच्या तोंडानं सांगा म्हणायचं.”

उन्हाळ्याची सुट्टी लागली. त्यांनी अजून मागितलेली नाही.