उचलायचा नाही असा फोन

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात अनलिमिटेड प्लॅन घरोघरी आहे, पण फोन वापरावा कसा हे कळतं एकट्या शेजारच्या काकांना, आणि हे मी कुठल्याही मराठी मेळाव्यात छातीठोकपणे सांगेन. त्यांची उमेदीची वर्षं युगांडातल्या एका साखर कारखान्यात गेली. प्रीपेड कार्ड नखाने खरवडायचं आणि बॅलन्स साजूक तुपासारखा जपून वाढायचा, ही तिथली सवय मुलाकडे राहायला येताना त्यांनी इथेही आणली. मुलाने फॅमिली प्लॅनचं नाव काढलं की म्हणतात, "बोलून झाल्यावर बिल? जेवण झाल्यावर भूक मोजतोस का रे?" त्यांच्या मिस्ड कॉलवर आमची अख्खी गल्ली चालते. एक रिंग म्हणजे चहा टाकलाय. दोन म्हणजे इंडियन स्टोअरला निघाली असशील तर कोथिंबीर आण. मी नवखी असताना एकदा उचलला, तर कडाडले, "उचललास कशाला? आता बोलावं लागणार ना!"

सगळ्यात मानाची रिंग रोज सकाळी युगांडाला जाते, कारखान्यातल्या त्यांच्या तिथल्याच फिटर मित्राला. काका एक रिंग देऊन कट करतात, तिकडून एक परत येते. मी आहे, तूही आहेस, एवढाच अर्थ. कित्येक वर्षं दोघांनी शब्द म्हणून खर्चलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात परतीची रिंग येईनाशी झाली. काका चहा टाकायचेच बंद झाले. शेवटी मी जाऊन म्हटलं, "काका, आज कट करू नका. वाजू द्या."

"आणि दुसऱ्याच कुणी उचलला तर?"

मी शेजारी बसले. त्यांनी वाजू दिला. उचलला एका बाईने. काकांनी डोळे मिटून घेतले. ती फिटरची मुलगी होती. इंग्रजीत सांगत होती, "बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, फोन माझ्याकडेच असतो. रोज कुणीतरी रिंग देऊन कट करतं, मला वाटलं राँग नंबर. थांबा, देते." आणि पलीकडून घोगरा आवाज आला, कारखान्यातल्या कोल्हापूरकरांनी शिकवलेल्या अस्सल मराठीत, "काय रं, मेलास का?"

दोघं बॅलन्स संपेपर्यंत बोलले. काका किती तरी वेळ फोन कानाला तसाच लावून बसले होते.

"त्याचा आवाज म्हातारा झालाय गं," ते म्हणाले. "रिंगेत कळत नव्हतं."