बाबांच्या फोनचं नवं कुलूप

गळ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला आणि त्याच वर्षी कॅनडात मुलाकडे राहणाऱ्या आत्याच्या कानांनी राजीनामा दिला. याला बोलता येत नाही, तिला ऐकू येत नाही. बहीण-भावाचं सगळं बोलणं मेसेजवर आलं. बाबांची नजरही अधू, त्यामुळे काचेवर बोट फिरवायचे फोन त्यांच्या कामाचे नाहीत. त्यांच्या जुन्या बटणांच्या फोनवर मीच मेसेजचा एक छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. रोज दुपारी चहा होईपर्यंत तासभर ते अंगठ्याने टकटक करत बसायचे. मधेच हसायचे, कधी डोळे पुसायचे. काय लिहिता, असं मी कधी विचारलं नाही.

मग एका सकाळी मेसेज जाईनात. वाटेत कोणी वाचू नये म्हणून फोन प्रत्येक मेसेजला कुलूप घालतो, आणि बाबांच्या फोनमधलं कुलूप इतकं जुनं झालं होतं की मेसेज पोचवणाऱ्या कंपनीने ते घ्यायचंच बंद केलं. उपाय सरळ होता. कुलूप घालणाऱ्या कोडची नवी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, घ्यायची आणि या फोनच्या सिस्टीमला कळेल अशा रूपात कंपाइल करायची. वीस वर्षं याच धंद्यात घालवली आहेत मी. ‘रविवारपर्यंत करतो,’ असं बाबांना ऐटीत सांगितलं.

ती सिस्टीम बनवणाऱ्यांनी केव्हाच दुकान बंद केलं होतं. तिचा कंपायलर जुन्या विंडोजवरच चालायचा, म्हणून शहराबाहेर राऊच्या एका कॉलेजातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर उचलून आणला. एक एरर काढली की अकरा नव्या हजर. तीन आठवड्यांनी एकदाची लायब्ररी तयार झाली, तर फोनवर ती उघडायची आणि लगेच बंद पडायची. मेमरी पुरत नव्हती. मग मी एकेक भाग छाटत गेलो. छाटता छाटता लक्षात आलं की उरलंय त्याला कुलूप म्हणता येणार नाही.

‘भिया, कशाला माथापच्ची करताय? नवा फोन दिलवून द्या ना बाबांना,’ तुकोगंजच्या आमच्या ऑफिसातला सहकारी म्हणाला. दिलवला होता. त्याच्या बटणांवर मराठी अक्षरं भलत्याच जागी; दोन दिवसांनी बाबांनी तो गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवला. ‘मग तर खजरान्याच्या देवळात जाऊन उलटा स्वस्तिकच काढा,’ सहकारी म्हणाला. नवस बोलताना देवळाच्या भिंतीवर उलटा काढायचा, काम झालं की सुलटा. असल्या गोष्टींना हसणारा माणूस मी, पण जाऊन काढून आलो. तो अजून उलटाच आहे.

शेवटी हात टेकले आणि पळवाट शोधली. बाबांचा मेसेज आधी घरातल्या माझ्या कॉम्प्युटरवर यायचा, तिथे त्याला नवं कुलूप लागायचं आणि मग तो पुढे जायचा. आत्याचे मेसेजही याच वाटेने यायचे, आणि मधल्या त्या थांब्यावर सगळं उघडं असायचं. हे बाबांना सांगायची काही गरज नव्हती, पण मला राहवलं नाही. मी वाचणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

त्या दिवसापासून त्यांची टकटक पाच मिनिटांत संपू लागली. उरलेला वेळ ते फोन मांडीवर ठेवून बसायचे. मला स्वतःचा राग यायचा. ‘बाबा, मोकळेपणाने लिहा ना, मी खरंच बघत नाही,’ असं दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा ते हसले.

परवा मेसेज मधेच अडकले. दुरुस्त करायला कॉम्प्युटरवर ते उघडणं भाग होतं. आत्याने विचारलं होतं, ‘हल्ली नुसतं जेवलो, बरा आहे, बस एवढंच? गुस्सा आहेस का रे माझ्यावर?’ खाली बाबांचं उत्तर अडकून पडलं होतं. ‘नाही ग ताई. मधे मुलगा आहे. फार खटपट केलीय त्याने. त्याला काही म्हणू नको.’

मी ते पुढे पाठवलं. बाहेर बाबा फोन हातात धरून बसले होते. गेला का, असं त्यांनी खुणेने विचारलं.

‘गेला, बाबा,’ मी म्हणालो. ‘वाचलं नाही मी.’