आगीसमोरचा डावा पाय

माणसाच्या धैर्याची खरी परीक्षा आगीसमोर होते. नव्वदच्या दशकात जपानमधल्या एका खेड्यात, संशोधन केंद्रातली नोकरी सांभाळून मी तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलात होतो, म्हणून हे अधिकाराने सांगतो. आमची परीक्षा मात्र जिल्ह्याच्या स्पर्धेत व्हायची. तिथे पाण्याच्या फवाऱ्याने एक फळी पाडायची असे. गुण मिळत ते सलामाला, रांगेला आणि डावा पाय आधी टाकण्याला. महिनाभर आम्ही रोज पहाटे तेच घोटत होतो.

स्पर्धेच्या आदल्या रविवारी, सराव चालू असतानाच, मैदानाशेजारी राहणाऱ्या आजींच्या अंगणातल्या खोपटातून धूर निघाला. आत त्यांचं हिवाळाभराचं सरपण होतं. आम्ही पंप घेऊन धावलो आणि सवयीने रांगेत उभे राहिलो. आमचे प्रमुख एरवी गावात तोफू विकत. त्यांनी हजेरी घेतली, मग कडाडले, "चार नंबर! पाय!"

चार नंबर मी. उजवा पाय आधी पडला होता. सगळे पुन्हा मागे.

"अहो, आग इकडे आहे!" आजी ओरडल्या.

"आलोच आजी, फक्त सलाम राहिलाय," प्रमुख म्हणाले.

आजी घरात गेल्या आणि टबात तसंच ठेवलेलं आदल्या दिवशीचं आंघोळीचं पाणी बादल्या भरभरून आगीवर ओतू लागल्या. आमच्या नळीला पाणी आलं तोवर नुसती वाफ उरली होती. निम्मं सरपण वाचलं. आम्ही खोपटाला एकसाथ सलाम केला.

प्रमुखांनी लिहिलेल्या अहवालात आजींचा उल्लेख नाही, कारण त्या दलाच्या सदस्य नव्हत्या.