चार घड्याळांचा नवरदेव

माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग आधी कप खाली ठेवा, अंगावर सांडेल. आणि एक कबूल करा, घड्याळाच्या धंद्यात अख्ख्या बेलापुरात माझ्या तोडीचा माणूस नव्हता. मीच सांगतोय म्हणजे खरंच असणार!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सेलची घड्याळं बाजारात आली होती, पण मी चावीच्या घड्याळाचा भक्त. दुरुस्त केलेलं घड्याळ रेडिओच्या बातम्यांआधीच्या टोल्यांशी रोज ताडून बघायचो. पटलं, तरच सही-शिक्क्याची चिठ्ठी : 'तपासले. वेळ अचूक.'

पण टेबलावर शहाण्यासारखं चालणारं घड्याळ हातावर चढलं की रुसतं. म्हणून शेवटची परीक्षा हातावर. घड्याळ बांधून मी दिवसभर हिंडायचो. हात कधी वर, कधी खाली, कधी उताणा. कसंही धरा, वेळ चुकता कामा नये!

अशी परीक्षेतली चार घड्याळं डाव्या हातावर बांधून, वर फुल शर्टाची बाही ओढून, मी घोडेगावला मुलगी बघायला निघालो. त्या दिवशी तरी काढून ठेवायची, म्हणता? अहो, परीक्षा अर्ध्यात कशी सोडायची?

मुलीचं नाव सुनंदा. तिचा फोटो बघूनच मी खलास झालो होतो. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मामांना सांगूनही टाकलं होतं.

वाटेत एसटी बंद पडली. बरोबर आलेल्या मामांनी तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करणारा टेम्पो थांबवला. बसायला जागा नव्हती, म्हणून लाऊडस्पीकरचा कर्णा मी मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं त्याला मिठी मारून घोडेगाव गाठलं.

घरात शिरताच भिंतीवरचं लंबकाचं जुनं घड्याळ दिसलं. बाही जराशी सरकवून मनगटाजवळच्या एका घड्याळाशी हळूच ताडून पाहिलं.

"नाना, तुमचं घड्याळ मागं पडलंय," मी सुनंदाच्या वडिलांना म्हणालो. "दुकानात पाठवा, चिठ्ठीसकट परत करतो."

"बरं," नाना एवढंच म्हणाले. मला वाटलं, पडली छाप!

मग मी पोहे खात परीक्षा चालू ठेवली. हात वर. थोड्या वेळानं खाली. मग उताणा. सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा हात नेमका वर होता. ती गालात हसली. मी आणखी ताठ बसलो.

तेवढ्यात तिची आत्या तेलाची वाटी घेऊनच आली. "पाव्हनं, हाताला वारं गेलंय का वो? ह्ये तेल लई गुनाचं हाय."

"छे छे! हात एकदम ठणठणीत!"

"मग ती कळशी उचला बरं डाव्या हातानं," नाना म्हणाले.

आता घड्याळांना असा हिसका बसला तर परीक्षेचं काय? मी म्हणालो, "आज नको."

"बघा! म्या म्हनलं न्हवतं?" आत्या कडाडली. मामा माझ्या कानात फुसफुसले, "उचल की मुडद्या!"

नानांनी सरळ माझी बाही वर केली. एक, दोन, तीन, चार!

"मागच्या बाजारात घड्याळं चोरीला गेल्ती," नाना सावकाश म्हणाले. "चोर काय गावला न्हाई अजून."

सुनंदा दाराशी उभी होती आणि तिचं हसू गेलं होतं. पण मी कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. उभा राहून सगळी हकिगत सांगितली आणि वर छाती ठोकली, "लावा रेडिओ! सातचे टोले आणि ही चार घड्याळं जुळली नाहीत, तर मुलगी देऊ नका!"

हे बोलायची काही गरज होती का?

रेडिओवर गाणं चालू होतं. माझ्या हातावर सात कधीच वाजून गेले होते, तेही चार घड्याळांत चार वेगवेगळ्या वेळी! गाणं संपलं. भिंतीवरच्या घड्याळानं सात ठोके दिले, आणि त्याच क्षणी रेडिओचे टोले पडले.

तेव्हा मला तो कर्णा आठवला. त्यातलं चुंबक! माझ्याच दुकानात मोठ्या अक्षरांत पाटी आहे : 'घड्याळ स्पीकरजवळ नेऊ नये. चुंबक लागून पळू लागते.' खाली सहीसुद्धा माझीच.

नानांनी चारही घड्याळं निरखून पाहिली. "ह्यो चोर न्हाई," ते म्हणाले. "चोरानं निदान धड चालणारी घड्याळं तरी चोरली असती."

सुनंदा पदर तोंडाला लावून जी हसत सुटली, ती थांबेचना. नाना तिच्याकडे बघत राहिले आणि लग्न ठरलं!

मांडवात जावयाला घड्याळ द्यायची रीत. सासऱ्यांनी चारचौघांत माझ्या मनगटावर बांधलं ते सेलचं! म्हणाले, "चिठ्ठ्या तुमी द्या. येळ ह्ये दाखवल."

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका. दुकानातली सगळी चावीची घड्याळं मी अजून त्याच्यावरच लावतो.