रेडिएटरमधली हळद

मी बी.एस्सी. झालो तो माझ्या मामांमुळे. कवठे येमाईच्या शाळेतून उचलून त्यांनी मला दौंडला आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये आणलं, पोटच्या मुलासारखं वाढवलं आणि पुढे पुण्याच्या कॉलेजात घातलं. ते लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांचे उपकार आठवले की मागोमाग त्यांच्या मुलीचं लग्न आठवतं, आणि आजही मान खाली जाते.

बौद्ध झाल्यापासून मामांनी घरातल्या जुन्या रीती एकेक करून बंद केल्या होत्या. लग्नात हळद लावायची नाही, असा त्यांनी शिरूरच्या व्याह्यांना शब्द दिला होता. व्याह्यांचंही मत तेच. त्यापायी व्याह्यांनी आपल्या भावकीचा राग ओढवून घेतला होता. माझी आई मात्र भावाच्या मागे लागली होती.

"आरं, नुस्तं बोट लाव. पोरीचं लगीन हाय."

"आक्का, बोट बी न्हाई न् नख बी न्हाई," मामा म्हणाले.

नवरीला शिरूरला न्यायला शेडमधल्या साहेबांनी आपली जुनी, इंग्रजी अमदानीतली मोटार दिली. तिचा रेडिएटर गळत होता. मामांनी तो उतरवला, तापवून भोकांना कथलाचा डाख दिला. पण एक फट जाळीच्या मागे होती, तिथं हत्यार पोचेना. "सावकाश जाऊ. गावोगाव पाणी घालू. पाण्याचं तू बघ," त्यांनी मला सांगितलं.

मला केवढी जबाबदारी मिळाल्यासारखं वाटलं. लग्नाच्या सकाळी मोटारीखाली ओल दिसली. गळक्या रेडिएटरमध्ये ट्रकवाले हळद टाकतात, ती फुगते आणि भोक बुजवते, असं मी ऐकलं होतं. मामींच्या डब्यातली दोन मुठी हळद मी पाण्यात सोडली. कुणालाही विचारलं नाही. थेंब थांबला तेव्हा माझं मलाच कौतुक वाटलं. हळद कुठल्या घरातून, कुठल्या दिवशी घेतोय, हे मनात आलंसुद्धा नाही.

गळती थांबली, पण आतल्या बारीक नळ्याही बुजल्या. वाटेत निमोणे गावाच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ येऊ लागली. सगळे खाली उतरले. नवरी पांढऱ्या साडीत बाजूला उभी राहिली. मोटार निवू द्यायला हवी होती. मी फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. मामांनी मला खसकन मागे ओढलं म्हणून भाजलो नाही. पिवळं कारंजं उडालं आणि वाऱ्यानं त्याचे शिंतोडे नवरीच्या पदरापासून निऱ्यांपर्यंत नेले.

मागच्या जीपमधल्या वऱ्हाडातली एक म्हातारी पुढे आली. "आगं बया, लागली की हळद! बापानं न्हाई लावली, मोटारीनं लावली!"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मी विहिरीवर धावलो, धुणं धुणाऱ्या बाईकडून साबण आणला आणि नवरीचा, माझ्या ताईचा, पदर चोळू लागलो. डाग लालभडक झाले. हळदीच्या कागदाला सोड्याचं पाणी लावून तो लाल करायचा प्रयोग मी कॉलेजात स्वतःच्या हातानं केला होता.

"घ्या, कुंकू बी झालं," म्हातारी म्हणाली. "पोरगं लई शिकलंय."

"हळद कुणी टाकली?" मामांनी विचारलं.

"मी."

"मला का न्हाई इचारलंस?"

त्यांनी खालची तोटी सोडली, सगळं पाणी काढलं, विहिरीच्या पाण्यानं रेडिएटर पुन्हा पुन्हा धुतला. मग आम्ही गळत्या मोटारीतूनच पुढे निघालो.

शिरूरला मांडवाच्या तोंडाशी व्याह्यांनी साडी पाहिली. त्यांच्या मागे त्यांची भावकी उभी होती. "पावणं, तुमी शब्द दिल्ता," ते हळू आवाजात म्हणाले.

मामांनी हात जोडले. "आबा, मोटारीचं पाणी उडालं. चूक माझी हाय."

शेडमधल्या साहेबापुढेही मी मामांना कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारीच होतो. माझं तोंड उघडलं नाही. "बोलायचं येक आन् करायचं येक," भावकीतलं कुणीतरी म्हणालं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग लग्न लागलं. मी जेवलो नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी मामांना पत्र टाकलं:

"आदरणीय मामांस सविनय जयभीम. समोर बोलता आलं नाही म्हणून लिहितो. शिरूरच्या आबांना मी आजच वेगळं पत्र पाठवलं आहे. हळद मी टाकली, तुम्हाला माहीत नव्हतं, साबणही मीच लावला, असं त्यात लिहिलं आहे. भावकीत ते मोठ्यानं वाचून दाखवा, अशी त्यांना विनंती केली आहे. मामींना आणि ताईला मी काय लिहू ते सुचत नाही. येत्या रविवारी मी शिरूरला जाऊन आबांच्या दारात, सगळ्यांपुढे हेच सांगणार आहे. तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर पुन्हा तुम्हीच बोलाल, आणि मी पुन्हा गप्प राहीन.

आपला भाचा."