हवेचा पाईप

रावेतला आमच्या इमारतीखाली कुणीतरी नवी मोटारसायकल चालू ठेवली होती. सायलेन्सरवरचा रंग तापल्याचा वास आला आणि मी मनाने पुन्हा भोसरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये, लोखंड तापवून घडवायच्या त्या जुन्या कारखान्यात, जाऊन उभा राहिलो.

धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेने भट्टीत जाणारी हवा आधीच तापवायची, म्हणजे तेल कमी जळतं. ते काम माझ्याकडे होतं. सगळं बसवून झालं, फक्त हवेच्या पाईपवर उष्णता अडवणारं वेष्टण चढवायचं राहिलं. "साहेब, तेवढं होऊ द्या, मग चालू करू," फिटर म्हणाला. मला त्याच दिवशी मालकांना बचत दाखवायची होती. "एका दिवसाने काय होतंय राव!" मी म्हणालो आणि तसंच चालू करायला लावलं.

भट्टीवरचे शिंदेमामा दमले की त्या पाईपला तळहात टेकवून उभे राहायचे. इतकी वर्षं त्यातून गार हवाच जायची. पाईपचा रंग भाजल्याचा वास मला येत होता, तरी मी मालकांशी बोलत राहिलो. मामांनी सवयीने हात टेकवला. ओरडलेसुद्धा नाहीत, मटकन खाली बसले.

दवाखान्यात मामाच म्हणाले, "माझंच चुकलं, साहेब. तुम्ही सांगितलं असंल, माझं ध्यान नसंल."

मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तरी म्हणालो, "लक्ष द्यायला हवं होतं, मामा."

तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. त्यांचं ते 'माझंच चुकलं' मी जबाब म्हणून अपघाताच्या अहवालात उतरवलं. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून मामांनी खाली डाव्या हाताने सही केली. कागद हलू नये म्हणून तो मी धरला होता.