मार खाणारा कॅमेरा

कारखान्यातलं भंगार दर महिन्याला उचललं जातं. किस्से कुणी उचलत नाही, त्यामुळे ते साठत जातात. आमच्या पॅकिंग खात्यात सगळ्यात जास्त साठले ते एका कॅमेऱ्यापायी.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी पॅकिंग सांभाळतो. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचं म्हणणं असं, की ट्रक निघण्याआधी उघड्या पेट्यांचे फोटो पाहिजेत. मोबाइल मात्र आत न्यायचा नाही, तो गेटवर जमा. दोन्ही नियम एकाच साहेबाने केलेत. शिकलेला माणूस आहे.

आमचे शेठ म्हणाले, "आबा, स्वस्तातला छोटा कॅमेरा बघा. पण मार खाणारा पाहिजे. फोटोपायी आता एक जरी ट्रक परत आला, तर पॅकिंग कंत्राटदाराला देईन."

म्हणजे मी आणि माझ्या हाताखालच्या सगळ्या बाया घरी.

*

पिंपरीच्या दुकानदाराने विचारलं, "काका, सहलीसाठी की लग्नासाठी?"

"कारखान्यासाठी."

त्याने मखमली पिशवी फुकट दिली.

कॅमेरा चालू केला की भिंग गोगलगायीसारखं बाहेर यायचं. आठवड्यात ते अर्धं बाहेर येऊन अडकलं. दुकानदार म्हणाला, "तुम्ही धुळीत वापरलात."

"चाकणमध्ये धुळीशिवाय जागा दाखव, तिथे वापरतो."

*

दुसरा कॅमेरा पडद्याला बोट लावून चालणारा. पॅकिंगला हातमोजे सक्तीचे, आणि मोज्याचं बोट त्याला कळेना.

आमच्यात शांताबाई आहे. कारखाना तिच्या सासऱ्याच्या कांद्याच्या वावरात उभा आहे, त्यामुळे ती कुणाला भीत नाही. तिने पडद्याला नाक टेकवून फोटो काढायला सुरुवात केली.

आमच्या क्वालिटीच्या साहेबाने ते सीसीटीव्हीवर पाहिलं. धावत आला. "आबा, ही बाई कॅमेऱ्याचा मुका का घेते?"

शांताबाई म्हणाली, "मोजं काडू द्या, मंग न्हाई घ्यायची."

मोजे राहिले. कॅमेरा नाकाच्या तेलाने गेला.

*

तिसरा चांगला निघाला. जुना, जाड, भिंग आतच राहणारं. पाण्यात चालतो, पडला तरी फुटत नाही, असं विकणारा म्हणाला.

शेठनी पाहुण्यांसमोर तो छातीच्या उंचीवरून सोडला. कॅमेऱ्याला काही झालं नाही. फरशी फुटली. फरशीबद्दल पॅकिंगला ओरडा बसला.

मग शेठ म्हणाले, "इतका मजबूत कॅमेरा रोज वापरून खराब करू नका." आणि तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. दर ट्रकला मी चावी मागायला जायचो.

*

दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा असते. शेठ स्वतः अंगठ्याने हळद-कुंकू लावतात. मशीनला लावलं, वजनकाट्याला लावलं, फोर्कलिफ्टला लावलं, कॅमेऱ्यालाही लावलं. कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गोल भिंग दिसलं, तिथे लावलं.

त्यानंतर शांताबाईने पेट्यांचे फोटो काढले, ट्रकचा काढला, पेढे वाटणाऱ्या शेठचा काढला. फोटो कंपनीला गेले. कुणी ते पाहून पाठवले नाहीत. तसा नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी ट्रक परत. पेट्या उघडल्याच नव्हत्या. कारण दिलं होतं, 'फोटोत माल गंजलेला दिसतो.'

शेठनी मला आणि शांताबाईला केबिनमध्ये बोलावलं. कंत्राटदार आधीच खुर्चीत बसला होता. माल खाली ट्रकमध्ये उभा होता, तो कुणी पाहिला नाही. सगळे कॉम्प्युटर पाहत होते. पहिली पेटी, मधोमध तांबडा डाग. दुसरी पेटी, तांबडा डाग.

"डोळे कुठे होते, आबा? गंजलेला माल भरलात? उद्यापासून पॅकिंग यांच्याकडे."

मी म्हणालो, "पुढचे फोटो बघा."

ट्रक आला. त्याच्या दारावर डाग. मग हातात पेढ्यांचा पुडा घेतलेले शेठ आले. डाग बरोबर तोंडावर.

शांताबाई वाकून बघत म्हणाली, "शेठ, तुमी बी गंजलाय व्हय?"

कंत्राटदार मोठ्याने हसला.

पॅकिंग अजून आमच्याकडेच आहे.